चिखल गाळून जगणारे पाहुणे

महाप्याच्या चौकात संध्याकाळी सहाला उभं राहिलेल्या माणसाला समुद्र आठवायचं काहीच कारण नसतं. शिळफाट्याकडे निघालेल्या ट्रकांची रांग, मिलेनियम बिझनेस पार्कातून सुटलेली आयटीतली मंडळी, मागे पारसिकचा डोंगर आणि समोर शेअर रिक्षासाठी चाललेली झोंबाझोंबी. पण इथून सात-आठ किलोमीटर वायव्येला, रबाळं ओलांडून ऐरोलीच्या टोकाला गेलं की ठाण्याची खाडी लागते. आणि हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत त्या खाडीच्या चिखलात हजारोंच्या संख्येनं रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून जेवत असतात.

खाडीकाठी ऐरोलीत वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आहे. ते २०१७ मध्ये सुरू झालं. आत खारफुटीची आणि समुद्री जीवांची माहिती देणारी दालनं आहेत, बाहेर तिवरांच्या झाडीतून जाणारी वाट आहे आणि पुढे धक्का. या धक्क्यावरून भरतीचं गणित बघून बोट सुटते. शाळांच्या सहली येतात, हातभर लेन्सा लावलेले फोटोवाले येतात, दादर-डोंबिवलीची कुटुंबं डबे बांधून येतात. महापे-रबाळ्याच्या कचेऱ्यांतून मात्र पुष्कळांना हे केंद्र नकाशावरच्या ठिपक्यापलीकडे माहीत नसतं. त्यांच्यापैकी कुणी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं, तर पहिल्या मोठ्या सुटीत गाडी काढून देवमासे बघायला जातं. त्यात वाईट काही नाही, पण ऐरोली राहून जाते.

किनाऱ्यावर उभं राहून मोठ्या प्राण्यांची ये-जा बघण्याची रीत त्या किनाऱ्यावर चांगलीच रुजली आहे. सॅन दिएगोच्या कॅब्रिलो स्मारकाच्या टेकडीवर १९५० साली करड्या देवमाशांसाठी निरीक्षणाची जागा खुली केली, तेव्हा पहिल्याच वर्षी दहा हजार माणसं आली. उत्तरेला ऑरेगॉन राज्यात डेपो बे नावाचं छोटं बंदर आहे. तिथे महामार्गाला लागूनच समुद्राचा कठडा आहे आणि कठड्यावरच सरकारी देवमासा-निरीक्षण केंद्र. डिसेंबरच्या शेवटी आणि मार्चमध्ये तिथे ‘व्हेल वॉच वीक’ असतो. स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फवारा कुठे बघायचा ते बोटानं दाखवतात. तिकीट नाही, बोट नाही, पोटात ढवळणं नाही.

हा देवमासा बारा-पंधरा मीटर लांब. हिवाळ्यात तो मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उथळ, उबदार खाजणांत पिल्लं देतो आणि उन्हाळ्यात अलास्कापलीकडच्या थंड समुद्रात पोट भरतो. जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटरचा प्रवास, तोही बराचसा किनाऱ्याला धरून. म्हणून तो कठड्यावरून दिसतो. एकोणिसाव्या शतकात देवमासे मारणाऱ्या जहाजांना त्या खाजणांचा पत्ता लागला आणि त्यांनी त्याची इतकी कत्तल केली की तो संपल्यातच जमा झाला होता. पुढे संरक्षण मिळालं, संख्या सावरली आणि १९९४ साली अमेरिकेनं त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं.

आता हा देवमासा आणि ठाणे खाडीतला रोहित यांचा संबंध काय? संबंध चिखलाचा आहे.

करडा देवमासा मोठे मासे पकडत नाही. तो तळाशी जातो, कुशीवर वळतो आणि गाळ तोंडात ओढतो. वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या झालरींमधून पाणी आणि माती बाहेर ढकलतो आणि आत अडकलेले कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव गिळतो. बहुतेक देवमासे उजव्या कुशीवर वळतात, त्यामुळे त्यांच्या उजव्या बाजूच्या झालरी जास्त झिजलेल्या असतात. माणसांत डावखुरे कमी, तसंच हे.

रोहित पक्ष्याचा उद्योगही हाच, फक्त आकार वेगळा. तो मान वाकवून डोकं उलटं करतो, म्हणजे वरची चोच खाली येते. अर्धवट उघडलेली चोच चिखलाच्या पाण्यात धरतो आणि जाडजूड जिभेनं पाणी आत-बाहेर खेचतो. चोचीच्या कडांना आतून बारीक पट्ट्यांच्या ओळी असतात. त्यांत खाद्य अडकतं आणि पाणी निघून जातं. उलटी धरलेली चहाची गाळणीच म्हणा. पक्ष्यांमध्ये इतकं देवमाशाच्या वळणावर गेलेलं तोंड क्वचितच सापडतं.

अलीकडे, २०२५ साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी रोहितांना संथ गतीच्या कॅमेऱ्यात पकडलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. हा पक्षी मुकाट्यानं गाळत बसत नाही. पाय आपटून तो तळाचा गाळ उठवतो आणि डोकं झटक्यानं वर खेचून पाण्यात भोवरे तयार करतो, म्हणजे निसटू बघणारे जीव आपसूक चोचीच्या तोंडाशी येतात. खाडीत बोटीतून बघताना ‘एका जागी नाचतोय’ असं जे वाटतं, ती जेवणाची तयारी असते.

ठाणे खाडीत रोहितांच्या दोन जाती असतात आणि बोटीतल्या नवख्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत त्या वेगळ्या ओळखता येतात. मोठा रोहित चार-पाच फूट उंच, अंगानं पांढरट, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित तीन फुटांच्या आसपास, पण रंगानं भडक आणि चोच काळपट लाल. मोठ्याची गाळणी जाड, तो बारीक शिंपले, किडे, कोळंबीसारखे जीव खातो. छोट्याची गाळणी फारच बारीक. तो डोळ्यांना न दिसणारी शेवाळं गाळतो. त्यामुळे एकाच चिखलात दोघं शेजारी जेवतात आणि भांडण होत नाही. दोघांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, जन्मतः नसतो. कळपात मळकट करड्या रंगाचे पक्षी दिसले तर ती पिल्लावळ, आजारी पक्षी नव्हेत. दरवेळी बोटीत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच.

खाडीत रोहित नव्वदच्या दशकापासून मोठ्या संख्येनं दिसू लागले. आधी शिवडीच्या चिखलात, मग हळूहळू भांडुप, ऐरोली, नेरूळ. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, नियमित मोजणी करते आणि गेल्या काही वर्षांत आकडा सव्वा लाखाच्या घरात गेला. त्यात छोट्या रोहितांचाच भरणा. राज्य सरकारनं ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा १,६९० हेक्टरांचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. मालवणनंतरचं हे महाराष्ट्रातलं दुसरं सागरी संरक्षित क्षेत्र. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर राज्यातलं हे तिसरं. एका बाजूला मुलुंड-भांडुप, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, डोक्यावरून विजेच्या तारा, आणि मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा! असं चमत्कारिक अभयारण्य जगात फार नसेल.

हे पक्षी येतात कुठून, याचं उत्तर बरीच वर्षं अंदाजानं दिलं जायचं. कच्छच्या मोठ्या रणात त्यांची विणीची प्रचंड वसाहत आहे, एवढं ठाऊक होतं. कच्छचे महाराव खेंगारजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उजेडात आणली आणि १९४५ साली सलीम अली तिथे जाऊन आले. २०२२ मध्ये बीएनएचएसनं खाडीतल्या सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली. त्यांना नावंही दिली: सलीम, हुमायून, मॅककॅन, लेस्टर, खेंगारजी आणि चक्क ‘नवी मुंबई’. पावसाच्या तोंडावर हे पक्षी गुजरातकडे निघाले. कुणी खंभातच्या आखाताच्या बाजूला थांबला, कुणी पार कच्छपर्यंत गेला. प्रवास मुख्यतः रात्रीचा. मुंबईकर झोपलेला असताना त्याच्या गच्चीवरून गुलाबी थवे उत्तरेला गेलेले असतात.

मग ऐरोलीच्या धक्क्यावरून देवमासा का दिसत नाही? त्याचंही उत्तर तळातच आहे. मुंबईसमोरचा समुद्र फार दूरवर उथळ आहे. खंडाचा बुडालेला काठ इथे शेकडो किलोमीटर आत जातो, त्यामुळे मोठ्या देवमाशांना हवं असलेलं खोल पाणी किनाऱ्यापासून लांब. शिवाय करडा देवमासा उत्तर पॅसिफिकचा रहिवासी, तो अरबी समुद्रात राहत नाही. पण म्हणून महाराष्ट्राचा समुद्र रिकामा नाही. दक्षिणेला सिंधुदुर्गात २०१५ साली कोकण सीटेशियन रिसर्च टीमच्या संशोधकांना कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि तो आपल्या देवगडसमोर! ब्राइड्स जातीचे देवमासेही त्या पट्ट्यात असतात. ओमानच्या किनाऱ्यावर २०१७ च्या अखेरीस उपग्रह-यंत्र बसवलेली ‘लुबान’ नावाची हंपबॅक देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, तिथून खाली केरळाकडे गेली आणि पुन्हा परतली. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात, आणि फारच थोडे उरले आहेत.

मराठी माणसाला देवमासा बहुतेक वेळा भेटतो तो मात्र किनाऱ्याला लागलेला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला, जानेवारी २०१६ मध्ये जुहूला असे भलेमोठे देवमासे किनाऱ्याला लागले आणि बघ्यांची जत्रा भरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर एक पिल्लू अडकलं. वनखातं, स्थानिक तरुण, मच्छीमार यांनी सुमारे चाळीस तास धडपड केली, अंगावर ओली कापडं घातली, पाणी मारत राहिले आणि अखेर त्याला समुद्रात ओढून नेलं. ते वाचलं नाही. पण त्या दोन दिवसांत रत्नागिरीच्या लोकांनी जे केलं, त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे.

किनाऱ्यावरून हमखास दिसेल असा समुद्री सस्तन प्राणी हवाच असेल तर तो डॉल्फिन. सिंधुदुर्गात त्याला ‘गादा’ म्हणतात. पाठीवर उंचवटा असलेले हे हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यातच वावरतात. मुंबईच्या किनाऱ्यांवरूनही ते दिसतात. बोटीचा पाठलाग करण्यापेक्षा खडकावर बसून दुर्बिणीनं बघितलेले गादे जास्त वेळ दिसतात, कारण त्यांना कुणी हाकलत नसतं.

पुन्हा खाडीकडे येऊ, कारण इथली खरी गंमत भरती-ओहोटीत आहे. पूर्ण भरती असते तेव्हा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उडून भांडुपच्या किंवा नेरूळच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. पूर्ण ओहोटी असते तेव्हा चिखल कोसभर उघडा पडतो, पक्षी त्यावर पसरतात आणि बोट धक्क्यालाच रुतून बसते. म्हणजे दोन्ही टोकं निरुपयोगी. पाणी उतरू लागलं आहे पण बोटीपुरतं उरलं आहे, असा मधला काळ पकडायचा. त्या वेळी उघड्या पडणाऱ्या पहिल्या चिखलपट्टीवर थवे उतरतात आणि बोट त्यांच्या समोरून सरकते.

हा काळ काढायला दिवे आणि ऐरोली या गावांतल्या जुन्या कोळ्यांना मोबाइल लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो आणि खाडीत आतपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, तो धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. कालनिर्णय भिंतीवर असलेल्या कुठल्याही घरात हा हिशेब करता येतो.

बोट धक्क्यावरून निघाली की लगेच रोहित दिसत नाहीत. आधी दोन्ही बाजूंना खारफुटी. तिवरांची मुळं चिखलातून हजारो पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली असतात, श्वास घेण्यासाठी. मधूनच पांढऱ्या चिप्पीचं झाड. २०२० मध्ये राज्यानं तिला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. चिखलावर निवटी उड्या मारते, चिंबोरी बिळात पळते, बगळा एका पायावर ध्यानस्थ. अर्ध्या वाटेवर कुणीतरी ‘कुठे आहेत?’ विचारतं, आणि त्याच वेळी समोरच्या राखाडी पट्टीचा वरचा काठ गुलाबी असल्याचं लक्षात येतं. जवळ गेलं की आवाज येतो. हजारो पक्ष्यांची बदकांसारखी संथ बडबड.

आणि वासही येतो. तो लपवण्यात अर्थ नाही. खाडीत ठाणे, मुंबई, नवी मुंबई अशा तिन्ही शहरांचं सांडपाणी येतं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळं फोफावतात आणि छोट्या रोहितांचं ताट भरतं, असं अभ्यासकांचं एक मत आहे. शहरानं घाण सोडली आणि पक्ष्यांनी त्याला पंगत मानली! पण याचा अर्थ घाण चांगली असा काढणाऱ्यांनी जरा थांबावं. शेवाळं थोडी वाढली तर खाद्य, पण फार वाढली तर पाण्यातला प्राणवायू संपतो. आणि कारखान्यांतली रसायनं गाळणाऱ्या पक्ष्याच्या पोटात सगळ्यात आधी जातात, कारण गाळणीला निवड करता येत नाही.

चिखलाचं हे गणित बिघडलं की काय होतं, ते देवमाशांच्या किनाऱ्यावर दिसतं आहे. कॅलिफोर्नियात १९६७ पासून करडे देवमासे मोजले जातात, तेही किनाऱ्यावर बसूनच. २०१६ च्या सुमारास ते सत्तावीस हजारांच्या घरात होते. २०२५ च्या मोजणीत अंदाज सुमारे तेरा हजारांवर आला. मधल्या वर्षांत शेकडो हडकुळे देवमासे मरून किनाऱ्याला लागले. उत्तरेकडच्या समुद्रातला बर्फ कमी झाला, बर्फाखालच्या शेवाळावर जगणारं तळाचं खाद्य घटलं आणि देवमासा उपाशी परत येऊ लागला, असं शास्त्रज्ञ सांगतात. तिथे कुणी भाला मारला नाही. फक्त तळाचा चिखल नापीक झाला.

आपल्याकडे धोका अधिक ठोस आहे. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईत उतरणारं विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्यात घुसलं आणि ३९ पक्षी मेले. त्याच वर्षी नेरूळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी यायचं बंद झालं, तळं सुकलं, बिथरलेले पक्षी रस्त्यावर येऊ लागले आणि काही मेले. भरतीच्या वेळची बसायची जागा गेली की पक्षी दुसरी जागा शोधत भलत्या वेळी, भलत्या उंचीवर उडतात. पक्षीप्रेमींनी आवाज उठवला आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळानं त्या तळ्याला संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे उभारून ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेणाऱ्या शहरानं तळ्यांत पाणी येणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवल्या नाहीत, तर पुतळेच तेवढे राहतील. अभयारण्याची हद्द नकाशावर आखता येते, पण पक्ष्याला भरतीत बसायला तळं आणि ओहोटीत जेवायला चिखल, दोन्ही लागतं.

बघायला जायचं असेल तर जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. केंद्राकडे बोटीची वेळ आधी विचारून नाव नोंदवा, कारण ती रोज बदलते आणि सुटीच्या दिवशी जागा लवकर भरतात. दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा, पाण्याची बाटली परत आणा. बोट थव्यापासून ठरावीक अंतरावर थांबते, ते अंतर पक्ष्यांच्या जेवणासाठी असतं. थवा उडाला की फोटो झकास येतो हे खरं, पण प्रत्येक उड्डाणात कच्छच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च होते. म्हणून एवढंच करा: बोटवाल्या दादांना ‘आणखी थोडं जवळ घ्या ना’ म्हणू नका, आणि शेजारचा म्हणाला तर त्याला थांबवा.